पॅराशूटची घडी आणि पैठणीची घडी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत साहसी खेळांवर आलेल्या लेखात स्कायडायव्हिंगला जवळजवळ अर्धे पान दिलेले पाहून आनंद झाला. मराठीत या खेळाविषयी जे काही छापून येते ते बहुधा पुण्याच्या शीतल महाजन यांच्या विक्रमांपुरते असते. २००४ मधील उत्तर ध्रुवावरची त्यांची उडी किंवा २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून त्यांनी मारलेली उडी सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र विमानात बसण्याआधी जमिनीवर गुडघे टेकून जे काम करावे लागते, त्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. आपल्या लेखकाने त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला आणि दुर्दैवाने नेमका तोच चुकला. पॅराशूट बांधण्याची ‘एकच शास्त्रशुद्ध पद्धत’ असते, ती घडी पैठणीच्या घडीसारखी काटेकोर असावी लागते आणि एक चुणी जरी इकडची तिकडे झाली तरी छत्री उघडत नाही, असे त्यात म्हटले आहे. या तिन्ही विधानांबद्दल थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी या विषयातला तज्ज्ञ नाही. नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना ॲरिझोना राज्यातील ईलॉय या गावच्या धावपट्टीवर मी उड्या मारायला शिकलो. पहिला परवाना मिळण्यासाठी तेथे किमान २५ उड्या लागतात आणि आपली छत्री आपल्याला बांधता येते हेही दाखवावे लागते. मला उडीपेक्षा बांधणीनेच जास्त घाम फोडला, हे प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या खेपेस एका छत्रीला माझा दीड तास गेला. शेजारच्या सतरंजीवरची मुलगी तेवढ्या वेळात दोन उड्या मारून परतली आणि तिसऱ्या उडीसाठी निघूनही गेली.

प्रथम ही वस्तू कशी असते ते सांगितले पाहिजे. आजची खेळाची छत्री गोल नसते. डोमिना जॅलबर्ट यांनी १९६४ च्या सुमारास पुढे आणलेल्या कल्पनेवर ती आधारलेली आहे. वर एक कापड, खाली एक कापड आणि मध्ये उभे पडदे शिवून केलेल्या सात किंवा नऊ कप्प्यांची ही आयताकृती पिशवी असते. पुढची कड उघडी असते, तिला नाक म्हणतात, आणि मागची कड शिवलेली असते, तिला शेपटी. नाकातून हवा आत शिरली की कप्पे फुगतात आणि त्या कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. खालून निघणाऱ्या दोऱ्यांचे पुढून मागे ए, बी, सी, डी असे गट असतात, शेपटीला ब्रेकच्या दोऱ्या वेगळ्या असतात आणि या सर्व दोऱ्या खांद्यांवरच्या चार पट्ट्यांना येऊन मिळतात. दोऱ्यांवर एक चौकोनी फडके चार कोपऱ्यांतल्या कड्यांतून वर-खाली सरकते. त्याला स्लायडर म्हणतात. आपल्या लेखात या फडक्याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते बांधणीची निम्मी गोष्ट त्या फडक्याचीच आहे.

मुक्तपणे खाली येणारा माणूस ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने येत असतो. तो पाठीमागे कंबरेजवळच्या खिशातून पायलट शूट नावाची छोटी छत्री ओढून वाऱ्यात सोडतो, तिच्या पट्टीने पाठीवरच्या पिशवीची पिन निघते, आतली घडीची पिशवी बाहेर पडते, रबरबँडमध्ये अडकवलेल्या दोऱ्या एकेक करून सुटत ताणल्या जातात आणि सर्वांत शेवटी कापड बाहेर येते. त्या क्षणी कापड एकदम पूर्ण उघडले तर माणसाची मान मोडू शकते. ते तसे होऊ नये म्हणून स्लायडर दोऱ्यांचे चारही गट वरच्या टोकाशी आवळून धरतो. वारा त्याला वर दाबत असतो आणि फुगणारे कप्पे खाली ढकलत असतात. या ओढाताणीत तीन ते पाच सेकंद जातात आणि तेवढ्यात वेग माणसाला सोसेल इतका उतरतो. बांधणीची कोणतीही पद्धत घेतली तरी तिचे काम हा क्रम बिघडू न देणे एवढेच आहे. कापडाला सुरकुती पडली की नाही, याची वाऱ्याला फिकीर नसते.

आता पद्धतींकडे वळतो. चौकोनी छत्र्या नव्या असताना फ्लॅट पॅक ही पद्धत रूढ होती आणि ती आजही शिकवली जाते. यात छत्री जमिनीवर एका कुशीवर निजवतात, डाव्या आणि उजव्या बाजूच्या दोऱ्या एकमेकींवर आणतात आणि कापडाच्या पट्ट्या एकावर एक रचत जातात. आपल्या लेखकाला पैठणी आठवली असेल तर ती बहुधा हीच पद्धत पाहून, कारण यात सर्व निऱ्या खरोखरच एकीवर एक येतात. शिकायला ती सोपी आहे, कारण सगळे डोळ्यांसमोर पसरलेले असते आणि ज्याची उंची कमी आहे किंवा खांदा दुखतो त्याला अंगावर काही पेलावे लागत नाही. तिला जागा मात्र फार लागते. शिवाय कापड दोऱ्यांच्या एकाच अंगाला गोळा झालेले असल्यामुळे छत्री उघडताना एखाद्या बाजूला वळण्याची शक्यता राहते. एकट्याने उडी मारताना एवढेसे वळण फारसे जाणवत नाही, पण आठ जण एकत्र उडी मारून वेगळे होत छत्र्या उघडत असतील तर शेजाऱ्याच्या दिशेने वळलेली छत्री ही गंभीर बाब ठरते.

म्हणून आज बहुतेक ठिकाणी प्रो पॅक दिसतो. त्यात छत्री निजवत नाहीत, टांगतात. पाठीवरची पिशवी जमिनीवर ठेवून, दोऱ्यांचे गट बोटांच्या बेचक्यांत धरून, स्लायडर पुढे ढकलत माणूस छत्रीपर्यंत चालत जातो आणि दोऱ्या खांद्यावर घेऊन उभा राहतो. सगळे कापड त्याच्यापुढे, कपाटातल्या कोटासारखे लोंबत असते. नाक त्याच्या पायांकडे असते. नाकाचे कप्पे तो मोजतो, नऊ भरले की गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरतो. मग ए आणि बी, बी आणि सी, सी आणि डी या दोऱ्यांमधले कापड एकेक करून डावीकडे आणि उजवीकडे बाहेर ओढून झटकतो. दोऱ्या मधोमध आणि कापड दोन्ही बाजूंना सारखे, हा या पद्धतीचा गाभा आहे. मग स्लायडर चारही अंगांना नीट पसरायचा आणि त्याची कडी वरच्या अटकावाला टेकली आहेत ना, हे हाताने चाचपायचे. शेवटी शेपटीचा मध्य उचलून अंगठ्याखाली धरायचा आणि शेपटीच्या दोन्ही कडा साऱ्या पसाऱ्याभोवती शालीसारख्या गुंडाळायच्या.

येथपर्यंत पाहणाऱ्याला हे काम देखणे वाटते, पण पुढची दहा मिनिटे कुस्तीची असतात. ती गुंडाळी जमिनीवर निजवायची आणि वर पालथे पडून तिच्यातली हवा काढायची. नव्या छत्रीचे कापड हवा आरपार जाऊ देत नाही आणि भयंकर निसरडे असते. एका टोकाने दाबले की दुसऱ्या टोकाने फुगते, पिशवीत कोंबावे तर कोपऱ्यातून सुळकन बाहेर येते. लांडोरीला पोत्यात भरल्यासारखा हा प्रकार असतो, असे मी तेव्हा घरी फोनवर सांगितल्याचे आठवते. या झटापटीत सुरुवातीची सगळी शिस्त मोडते आणि पिशवीत जे जाते ते पाहून कोणत्याही गृहिणीने कपाळाला हात लावावा. तरीही ती छत्री सुरेख उघडते, कारण दोऱ्या मध्ये असतात, स्लायडर वर असतो आणि नाकाचे तोंड कशात अडकलेले नसते.

याच निसरड्या कापडावर उपाय म्हणून सायको पॅक नावाचा प्रकार निघाला. सुरुवात प्रो पॅकसारखीच असते, पण शेवटी नागमोडी घड्या घालून पिशवीत ढकलण्याऐवजी कापडाची वळकटी करतात, त्यामुळे हवा परत शिरत नाही आणि लहान हातांच्या माणसालाही पिशवी भरता येते. तिचा धोका एवढाच की पिशवीची दिशा चुकली तर दोऱ्यांना पीळ पडतो. मी ती दोन-चार वेळा करून सोडून दिली. पद्धत वाईट नव्हती, माझ्याच डोक्यात उजवे-डावे पक्के बसत नव्हते. याशिवाय ट्रॅश पॅक नावाची एक गमतीदार गोष्ट आहे. नावाप्रमाणेच त्यात कापड कचऱ्यासारखे कोंबतात, फक्त दोऱ्या सरळ ठेवतात आणि स्लायडर वर. जुने खेळाडू पैजेपोटी तसे बांधून उडी मारतात आणि छत्री उघडते. मी हे कोणाला सुचवत नाही आणि स्वतः कधी केलेले नाही. परंतु एक चुणी चुकली तर छत्री उघडत नाही, या आपल्या लेखातील विधानाला याहून स्पष्ट उत्तर मला सापडत नाही.

चुण्यांनी काही फरकच पडत नाही, असे मात्र मला म्हणायचे नाही. नाकाचे कप्पे दोन्ही बाजूंनी मधल्या कप्प्याकडे गुंडाळले किंवा आत ढकलले की हवा शिरायला वेळ लागतो आणि छत्री मऊ उघडते, नाक मोकळे ठेवले की लवकर उघडते. एखादी छत्री स्वभावानेच धक्का देणारी असेल तर तिचे मालक असे उपाय करतात. दोन्ही बाजूंना गुंडाळी सारखी नसेल तर छत्री वळून उघडते. हा सारा बारकावा आरामाचा आणि दिशेचा आहे. जिवाशी गाठ असलेल्या चुका वेगळ्याच जागी होतात.

त्यातली एक मी स्वतः केली आहे. गुंडाळी निजवून हवा काढताना माझ्या नकळत स्लायडर बोटभर खाली सरकला होता. मी तो पुन्हा चाचपायला हवा होता, पण विमानाची वेळ झाली म्हणून हाका सुरू होत्या आणि मी घाईने पिशवी बंद केली. वर छत्री उघडली तेव्हा कोणीतरी दोन्ही खांद्यांना धरून भिंतीवर आपटावे तसे झाले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, एका पायातला बूट निघून गेला आणि पुढचे चार दिवस मान वळवता येत नव्हती. त्या दिवशीची माझी घडी, मला आठवते, इतर कोणत्याही दिवसापेक्षा दिसायला सुबक होती.

दुसरी चूक थोडक्यात टळली. आजच्या पायलट शूटमधून एक दोरी जाते. मोठी छत्री उघडली की ही दोरी छोटीला मिटवून टाकते, म्हणजे ती मागे लोंबून वेग कमी करत नाही. त्यामुळे बांधताना प्रत्येक वेळी ती दोरी ओढून छोटी छत्री पुन्हा ‘ताणून’ ठेवावी लागते. विसरलात तर वाऱ्यात सोडलेली छत्री फुगतच नाही, चिंधीसारखी मागे फडफडत राहते आणि मुख्य छत्री पाठीवरच राहते. हे तपासता यावे म्हणून पट्टीवर एक छोटी खिडकी ठेवलेली असते आणि दोरी नीट ताणली असली की तिच्यात रंग दिसतो. एका सकाळी विमानाच्या रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने माझी पिन तपासताना विचारले की या खिडकीत हिरवे काही दिसत नाही, ते का. मी रांगेतून बाहेर पडलो आणि सगळी छत्री पुन्हा बांधली.

रबरबँडचेही असेच आहे. दोऱ्यांचे वेढे त्यात साधारण पाच-सात सेंटिमीटर घट्ट अडकलेले असावे लागतात. बँड ढिले पडले असतील तर सगळ्या दोऱ्या एकदम ओघळतात आणि कापड दोऱ्या ताणल्या जाण्याआधीच बाहेर येते. ब्रेकच्या दोऱ्या मध्यात राहिल्या नाहीत तर एखादी दोरी फुगणाऱ्या कापडावरून आडवी जाते आणि छत्रीचे दोन फुगे होतात. कधी पाठीवरची पिशवी दोऱ्यांच्या मधून उलटी निघालेली असते आणि बांधणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. प्रो पॅक असो की फ्लॅट पॅक, यांतली कोणतीही चूक दोन्हींत होऊ शकते. तेव्हा कोणती पद्धत शास्त्रशुद्ध, हा प्रश्नच मला थोडा गैरलागू वाटतो. माणसाने एक पद्धत धरावी, ती दर वेळी त्याच क्रमाने करावी आणि मध्येच कोणी गप्पा मारायला आले तर क्रम पहिल्यापासून सुरू करावा.

आपल्या लेखात आणखी एक गल्लत आहे आणि ती वाचकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. खेळाडूच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. वर वर्णन केलेले सारे मुख्य छत्रीचे आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार ती पुढची उडी मारणारा स्वतः बांधू शकतो किंवा परवानाधारक रिगर, म्हणजे छत्र्या बांधण्याचा आणि तपासण्याचा परवाना असलेला तंत्रज्ञ, अथवा त्याच्या थेट देखरेखीखाली काम करणारा माणूस बांधू शकतो. राखीव छत्री मात्र परवानाधारक रिगरनेच बांधायची असते. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याची असेल तर ती १८० दिवसांनी न वापरताही उघडून, तपासून, पुन्हा बांधावी लागते. २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. रिगर त्या कामाला काही तास देतो, पिनेला लाल दोरा गुंडाळून शिशाचे सील मारतो आणि सोबतच्या कार्डावर तारीख व सही करतो. कसलेला पॅकर दहा मिनिटांत मुख्य छत्री बांधताना पाहून आपले लेखक धास्तावले, ते स्वाभाविक आहे. पण हा वेग ज्या भरवशावर चालतो ती सीलबंद छत्री त्यांना त्या सतरंजीवर दिसणारच नव्हती. खेळाडू बेशुद्ध पडला तरी तिला उघडणारे यंत्रही आता बहुतेकांच्या पाठीवर असते. १९९१ मध्ये जर्मनीतून आलेल्या सायप्रस या यंत्राचा नेहमीचा प्रकार जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा अधिक वेगाने पडत असेल तर राखीव छत्रीची पिशवी बंद ठेवणारा दोरीचा फास कापतो. उंच कड्यांवरून किंवा इमारतींवरून उडी मारणाऱ्यांकडे सहसा ही दुसरी छत्री नसते. ते एकाच छत्रीला चिमटे लावून तासभर बांधत बसतात, त्याचे कारणही हेच.

लष्करी छत्र्यांची गोष्ट निराळी आहे. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकणारे जवान वापरतात त्या गोल छत्र्या लांबच लांब टेबलांवर, पाकळ्या दोन्ही बाजूंना मोजून, ठरलेल्या पायऱ्यांनी बांधल्या जातात आणि प्रत्येक पायरी तपासली जाते. तेथे ‘एकच पद्धत’ हे शब्द शोभतात, कारण बांधणारा एक आणि उडी मारणारा दुसरा असतो. कानपूरला १९४१ पासून पॅराशूटचा सरकारी कारखाना आहे, तेव्हा ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. नागरी खेळात ती सर्वसामान्य माणसापर्यंत अजून पोहोचलेली नाही, एवढेच.

आपले बहुतेक वाचक ही उडी कधी मारलीच तर प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधून, म्हणजे टँडम पद्धतीने मारतील. त्यांना घडी तपासता येणार नाही आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नाही. पण राखीव छत्रीच्या कार्डावरची तारीख दाखवा, असे म्हणायला कोणताही परवाना लागत नाही, आणि चांगला प्रशिक्षक ते कार्ड न रागावता दाखवतो. आपल्या लेखाशेजारच्या ‘उडीपूर्वी काय विचाराल’ या चौकटीत दरपत्रक, छायाचित्रण आणि वजनाची अट आहे. तिच्यात ही एक ओळ पुढील अंकी घालता आली तर बरे होईल.

जाता जाता, त्या लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘उडीनंतर पॅराशूट वाळत घालताना खेळाडू’ असे छापले आहे. छायाचित्र नीट पाहिले तर दोऱ्या त्याच्या उजव्या खांद्यावर आहेत, नाक गुडघ्यांत दाबलेले आहे आणि ओठ किंचित उघडे आहेत. तो काही वाळत घालत नसून कप्पे मोजतो आहे. ही ओळ तेवढी दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
कोथरूड, पुणे